घरची मजुरी आणि नोकरीचा बायोडाटा

(नाशिक येथील जिल्हा बैठकीत दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दुपारच्या सत्रात आम्ही कांद्याच्या भावावर बोलणार, असे बऱ्याच जणांनी गृहीत धरले असेल. त्या विषयावर सकाळी पुरेसे बोलून झाले आहे. आता आम्ही एका कागदावर बोलणार आहोत. त्या कागदाला कोणी बायोडाटा म्हणते, कोणी सीव्ही, कोणी रेझ्युमे. नाव काहीही द्या. नोकरी मागायला निघालेला तुमचा मुलगा किंवा मुलगी साहेबाच्या दारात उभी राहण्याआधी जो कागद साहेबाच्या टेबलावर जाऊन पडतो, तो हा कागद.

मागे बसलेल्या काही जुन्या कार्यकर्त्यांच्या कपाळावर आम्हाला आठी दिसते आहे. 'भावासाठी लढणारी चळवळ पोरांना नोकऱ्या मागायला कधीपासून शिकवायला लागली?' प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर तुमच्या सातबाऱ्यावर आहे. १९७०-७१ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याचे सरासरी धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ च्या गणनेत ते १.३४ हेक्टरवर आले. म्हणजे साडेदहा एकरांचे सव्वातीन एकर झाले. उद्या सगळ्या मालाला रास्त भाव मिळाला तरी सव्वातीन एकरांत दोन भावांचे दोन संसार उभे राहणे कठीण आहे. एक जण बाहेर पडणारच. बाहेर पडणाऱ्याला आम्ही अडवणार नाही. पण 'मी रिकाम्या हाताने आलो आहे' असे त्याने स्वतःच्या सहीने लिहून देऊ नये, एवढेच आज सांगायचे आहे.

एक गठ्ठा, एक दुपार

दोनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. द्राक्ष निर्यात करणाऱ्या एका शेतकरी कंपनीला क्षेत्र सहायकाच्या दोन जागा भरायच्या होत्या. काम असे: सभासदांच्या बागेत जायचे, फवारणीची नोंदवही तपासायची, तपासणीसाठी नमुने घ्यायला मदत करायची, कोणते औषध चालते आणि कोणते नाही ते शेतकऱ्याला त्याच्या भाषेत सांगायचे. शेतीतले कळते म्हणून निवडीला आम्हालाही बोलावले. शंभराच्या वर अर्ज आले होते. आम्ही चहा मागवून गठ्ठा सोडला.

वीस कागद वाचून झाल्यावर एकविसावा कोणाचा आणि तिसरा कोणाचा, हे सांगता येईना. प्रत्येकाच्या डोक्यावर इंग्रजीत एकच वाक्य: नामवंत संस्थेत आव्हानात्मक पद मिळवून माझ्या ज्ञानाचा उपयोग संस्थेच्या प्रगतीसाठी करण्याची माझी इच्छा आहे. स्वल्पविरामसुद्धा त्याच जागी. खाली गुण: हार्ड वर्किंग, ऑनेस्ट, पंक्च्युअल. छंद: क्रिकेट आणि वाचन. मग धर्म, जात, उंची, अविवाहित. एका कागदावर तर शेवटच्या प्रतिज्ञापत्रात नाव दुसऱ्याचेच राहिले होते. टायपिंगच्या दुकानदाराने आधीच्या गिऱ्हाइकाचा मजकूर पुसायचे विसरले होते. आम्ही हसलो आणि कागद बाजूला ठेवला.

चार-पाच महिन्यांनी निफाड तालुक्यात एका बागेवर बैठक होती. डाऊनीचा विषय निघाला. एक पोरगा उठला आणि फळधारणेनंतर कोणते औषध किती दिवसांपर्यंत मारता येते, काढणीपूर्व कालावधी कसा मोजायचा, हे त्याने असे नीट सांगितले की म्हातारे बागाईतदारही ऐकत राहिले. नंतर कळले, वडील आजारी पडल्यापासून तीन हंगाम घरच्या तीन एकर बागेची नोंदवही तोच ठेवतो आहे. दुकानदाराने 'हे नाही, पण त्याच गुणाचे आहे' म्हणून दिलेले एक औषध त्याने यादी दाखवून परत केले होते. आम्ही म्हणालो, 'अरे, अशा माणसाच्या आम्ही शोधात होतो.' तो म्हणाला, 'साहेब, मी अर्ज केला होता.'

आम्ही परत जाऊन गठ्ठा काढला. त्याचा कागद होता. त्यावर लिहिले होते: 'ऑक्युपेशन ऑफ फादर – अ‍ॅग्रिकल्चर. एक्स्पीरियन्स – निल.'

चूक त्याची होती, तशी आमचीही. शेतकऱ्याच्या कामाची किंमत मोजा म्हणून आम्ही सभा गाजवतो, आणि त्या दुपारी 'निल' हा शब्द वाचून आम्हीच कागद उलटा घातला. ज्या दोघांना घेतले, त्यांतला एक हंगामाच्या मध्यावर काम सोडून गेला.

'निल' कोणी शिकवले?

आपल्यापैकी जे जुने आहेत, त्यांना १९८० चा नोव्हेंबर आठवत असेल. कांदा आणि उसाच्या भावासाठी या जिल्ह्यातले रस्ते अडले होते. त्या काळात गावोगावच्या पारावर एक नवीनच शिकवणी चालायची: उत्पादन खर्च काढण्याची. बियाणे लिहा, खत लिहा, औषध लिहा, पाणीपट्टी लिहा. तिथपर्यंत सगळे भराभर सांगायचे. मग प्रश्न यायचा, 'आणि घरच्या माणसांची मजुरी?' तिथे माणूस अडखळायचा. 'घरचेच आहेत, त्यांचे काय मोजायचे?'

तेच तर मोजायचे होते. कृषिमूल्य आयोगाच्या हिशेबात 'ए-टू अधिक एफएल' असा एक आकडा असतो. त्यातले एफएल म्हणजे घरच्या माणसांनी केलेल्या कामाची मजुरी. ती धरली नाही तर तोट्यातला धंदाही कागदावर नफ्याचा दिसतो. ही गोष्ट आपल्याला पटायला वर्षे लागली. आता पटली आहे. पण ज्या घरात ती पटली, त्याच घरातला पोरगा बायोडाटा लिहायला बसतो आणि स्वतःच्या दहा वर्षांच्या मजुरीपुढे शून्य मांडतो. सरकारने शून्य धरले तेव्हा आपण रस्त्यावर उतरलो. पोराने धरले तर आपल्या लक्षातही येत नाही.

रोजगार हमीच्या कामावर गेलात तर मस्टरवर नाव चढते, दिवस मोजला जातो. बापाच्या रानात राबलेल्या दिवसांचे मस्टर कोणी ठेवलेले नसते. म्हणून ते दिवस झालेच नाहीत, असे पोरांना वाटते.

कृषी पदवीधरांची तऱ्हा तर आणखी नामी आहे. आम्हीही त्याच वाटेने आलो, म्हणून सांगतो. पदवीच्या शेवटच्या वर्षात 'रावे' असते, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव. कृषिदूत म्हणून पोरे एखाद्या गावात जातात, बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक देतात, माती परीक्षणाचा नमुना कसा घ्यायचा ते दाखवतात, फोटो काढतात. चांगला कार्यक्रम आहे. पण बायोडाटात काय होते? दुसऱ्याच्या गावात काढलेले ते थोडे महिने 'अनुभव' म्हणून ठळक अक्षरात येतात, आणि आपल्या गावात आपल्या रानात काढलेली दहा-बारा वर्षे गायब होतात. विद्यापीठाने शिक्का मारला तो अनुभव. बापाने घाम गाळायला लावला तो काहीच नाही. आमच्या स्वतःच्या पहिल्या बायोडाटातही असेच लिहिले होते. तो कागद आज सापडला तर आम्ही तो इथे भिंतीवर चिकटवू.

आणि बायोडाटा आपल्या घरात आणखी एका कामाला लागतो, हे विसरू नका. लग्नाच्या बायोडाटात शेती एकरांसकट येते: बागायत इतकी, जिरायत इतकी, विहीर, ट्रॅक्टर. सोयरीक जुळवायची तर शेती मोठी करून सांगायची आणि नोकरी मागायची तर ती लपवायची. दोन्ही कागदांत एक गोष्ट मात्र सारखीच नसते: त्या शेतीत या पोराने स्वतः काय काम केले, ती.

वहीपासून सुरुवात करा

मग करायचे काय? पहिली गोष्ट, कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊ नका. निदान पहिल्या दिवशी नको. दुकानात तयार नमुना असतो, आणि तयार नमुन्यात तुमच्यासाठी जागा नसते. एक साधी वही घ्या. एप्रिलच्या खरड छाटणीपासून सुरू करा आणि महिन्यांचे बारा रकाने आखा. सबकेन, ऑक्टोबरची गोडी छाटणी, विरळणी, जीएचे डिपिंग, काढणी. कांदेवाल्यांनी रोप टाकण्यापासून चाळ भरेपर्यंत लिहावे. गाई असतील तर दूध, चारा, वेत. प्रत्येक रकान्यात आपल्या हाताने काय केले तेवढेच लिहा. आई-वडील शेजारी बसले तर उत्तम, कारण तुम्ही विसरलेले काम त्यांना आठवेल.

मग प्रत्येक कामाला तीन प्रश्न विचारा. काय केले? किती केले? त्यातून काय झाले?

'वडिलांना शेतीत मदत केली' हे वाक्य सगळेच लिहितात आणि त्यातून काही कळत नाही. त्या निफाडच्या पोराचे काम तीन प्रश्नांतून काढले तर असे उतरते: 'घरच्या तीन एकर निर्यातक्षम थॉमसन बागेची फवारणी नोंदवही सलग तीन हंगाम ठेवली. औषधाचे नाव, प्रमाण, तारीख आणि काढणीपूर्व कालावधी दर वेळी नोंदवला. तीनही हंगामांत माल उर्वरित अंशाच्या तपासणीत उतरला.' तीन वाक्ये. एकही विशेषण नाही. पण निर्यातदार हे वाचताच सरळ बसेल.

का बसेल, तेही समजून घ्या. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे आपली द्राक्षे युरोपात अडकली. तो फटका या जिल्ह्यातल्या किती घरांना बसला, हे सांगायला नको. त्याआधी २००६ पासून निर्यातीच्या बागांची ग्रेपनेटवर नोंदणी सुरू झाली होतीच. त्या धंद्यात एका बागेतली एक चुकीची फवारणी अख्खा माल बुडवू शकते. म्हणून खरी नोंद ठेवणारा माणूस त्यांना पदवीइतकाच मोलाचा आहे. तुमच्याकडे जे आहे त्याची समोरच्याला गरज का आहे, हे कळले की बायोडाटा अर्धा लिहून झाला.

आता हेच काम दुसऱ्या दारात घेऊन जा. सातपूर-अंबडच्या कारखान्यात देखभालीची जागा आहे; तिथे फवारणीच्या नोंदवहीचे कोणाला काही नाही. तिथे वर काय यावे? 'घरची पाच एकरांची ठिबक यंत्रणा, फिल्टर आणि व्हेंच्युरी स्वतः बसवली. पंप आणि स्टार्टरची दुरुस्ती स्वतः करतो.' पर्यवेक्षकाची जागा असेल तर 'काढणीच्या हंगामात बारा मजुरांच्या टोळीची हजेरी, ने-आण आणि मजुरीचे वाटप सांभाळले.' बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या जागेसाठी 'गावातल्या शेतकऱ्यांचे पीकविम्याचे अर्ज ऑनलाइन भरून दिले.' माणूस तोच, शेत तेच. कोणते काम वर घ्यायचे ते जाहिरात वाचून ठरवायचे. जाहिरात हातात घ्या, त्यांना काय हवे त्याखाली रेघ मारा आणि त्यातले तुमच्याकडे खरोखर आहे ते त्यांच्याच शब्दांत लिहा. मोठ्या कंपन्यांत आता पहिली चाळणी कॉम्प्युटर लावतो, आणि तो ते शब्दच शोधत असतो. दहा ठिकाणी एकच कागद पाठवणे म्हणजे दहा पिकांना एकच औषध मारणे.

कागदाची मांडणी सोपी ठेवा. नवख्या माणसाला एक पान पुरे. वर नाव, गाव-तालुका, चालू असलेला फोन आणि साध्या नावाचा ई-मेल. कॉलेजात गमतीने काढलेला पत्ता नको. मग कोणत्या जागेसाठी अर्ज आहे ते. मग काम. मग शिक्षण. मग कॉम्प्युटरवर काय येते, कोणते वाहन चालवता येते, त्याचा परवाना आहे का. भाषा लिहिताना मराठी, हिंदी, इंग्रजीवर थांबू नका. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळ्याकडे फिरायचे काम असेल तर 'अहिराणी बोलतो' हे दोन शब्द मोठे काम करतील. खासगी नोकरीच्या कागदावरून जात, धर्म, उंची आणि ते प्रतिज्ञापत्र काढून टाका. सरकारी अर्ज वेगळा. तिथे विचारले आहे तेच आणि तसेच भरायचे.

इंग्रजी की मराठी? जाहिरात ज्या भाषेत, त्या भाषेत. इंग्रजी लिहावे लागले तर लहान वाक्ये लिहा, स्वतःला अर्थ सांगता येईल अशी. उसन्या इंग्रजीचे पितळ मुलाखतीत दोन मिनिटांत उघडे पडते.

आणखी एक. आधारचा नंबर, बँकेचा खातेनंबर बायोडाटावर घालू नका. अर्ज पुढे सरकवायला कोणी पैसे मागितले तर ती नोकरी नाही, तो धंदा आहे. वावर गहाण ठेवून 'नोकरी लावून' घेतलेली आणि दोन्हीकडून गेलेली घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत.

वांधा निघू देऊ नका

आता कोणी म्हणेल, लिहायचेच आहे तर पाच एकरांचे पंधरा करू, तीन हंगामांचे आठ करू. लासलगावला किंवा पिंपळगावला माल नेणाऱ्यांना आम्ही याचे उत्तर काय सांगावे? ट्रॅक्टरच्या वर निवडक कांदा आणि खाली गोल्टी भरली तर लिलावाच्या वेळी बोली चांगली लागते. पण खळ्यावर ट्रॉली खाली होते तेव्हा वांधा निघतो. मग भाव पडतो आणि पुढच्या खेपेला तुमच्या ट्रॉलीकडे व्यापारी संशयानेच बघतो.

बायोडाटाचे तसेच आहे. तो वाचला जातो लिलावाच्या वेगाने. ट्रॉली खाली होते मुलाखतीत. ज्याने नोंदवही खरेच ठेवली आहे, त्याला 'गेल्या हंगामात शेवटची फवारणी कधी घेतली आणि का?' एवढे विचारले की तो थांबत नाही. ज्याने नुसते लिहिले आहे, तो छताकडे बघतो. चांगला माल वर ठेवायला आमची हरकत नाही, ठेवलाच पाहिजे. पण खालीही तोच असला पाहिजे.

मायबहिणींसाठी

आतापर्यंत आम्ही पोरगा, पोरगा म्हणत आलो. पण 'निल'ची सर्वांत जुनी सवय पोरींना आणि सुनांना लावलेली आहे. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिला प्रचंड संख्येने जमल्या होत्या. शेतातल्या बाईचे काम कोणी मोजत नाही, हे दुखणे तेव्हाही होते आणि आजही आहे. पदवी घेतलेली सून चार वर्षांनी पॅकहाऊसमध्ये अर्ज करते आणि मधल्या चार वर्षांपुढे 'गृहिणी' लिहून मोकळी होते. अहो, त्या चार वर्षांत तिने बचतगटाचे हिशेब ठेवले, बँकेत जाऊन कर्जाची कागदपत्रे केली, डेअरीत दुधाचा फॅट लागला नाही तेव्हा भांडून पुन्हा मोजायला लावला, विरळणीला बाया जमवल्या. हे सगळे लिहा, ताई. गटाच्या वह्या तुमच्या अक्षरात आहेत. त्याहून मोठा दाखला कोणता?

शेवटी

बायोडाटाने नोकऱ्या निर्माण होत नाहीत, हे आम्हाला कळते. दोन जागांना शंभर अर्ज आले, तर कितीही सुंदर लिहिले तरी अठ्ठ्याण्णव जण परत जाणारच. त्या अठ्ठ्याण्णवांचा प्रश्न भावाचा आहे, धोरणाचा आहे, आणि ते भांडण आपण सोडलेले नाही. पण निवड होते तेव्हा ती कामावर व्हावी, दुकानातल्या नमुन्यावर होऊ नये, एवढे आपल्या हातात आहे.

त्या निफाडच्या पोराला आम्ही नंतर घेऊन बसलो. वही समोर ठेवली, तरी पेन चालेना. म्हणाला, 'हे काय लिहायचे साहेब, हे तर सगळेच करतात.' हे वाक्य आम्ही आयुष्यभर ऐकत आलो आहोत. उत्पादन खर्च काढताना त्याचा बाप हेच म्हणायचा. आम्ही त्याला म्हणालो, 'सगळे करतात ना, मग सगळ्यांनी लिहायचे. आज तू लिही.' दोन तास लागले. त्या कागदावर त्याला दोन ठिकाणांहून बोलावणे आले. एका ठिकाणी पगार जमला नाही. दुसऱ्या ठिकाणी तो आज काम करतो आणि सुटीच्या दिवशी बागेत असतो.

तेव्हा पुढच्या तालुका बैठकीला येताना ठराव नका आणू. घरातल्या शिकलेल्या पोराची किंवा पोरीची वही घेऊन या, बारा रकाने भरलेली. आम्ही तिथे टेबल टाकून बसलेले असू. ज्या वहीत कुठेही 'निल' लिहिलेले सापडेल, ती वही तिथेच पुन्हा लिहायला बसवू.